पुलावरचे आजोबा

चिमट्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका अख्ख्या शहरावर पालथे पडले होते आणि त्यांच्या तोंडात एक माणूस होता. माणसाचे पाय बाहेर लोंबत होते. खाली आगीचे लोळ उठलेले, नदीकाठी माणसांची झुंबड, आणि वर आकाशात, बाजाराच्या छपरांपासून जेमतेम वीतभर उंचीवर, खाकी पँट घातलेला हा महाकाय देह तरंगतोय. देह म्हणजे खरं तर पन्नास किलोसुद्धा नसेल. ओल्या कोटासकट तोलला तर कदाचित भरेल. पण ज्या गावातला घड्याळाचा मनोरा गुडघ्याएवढा, त्या गावावर पन्नास किलोचा माणूस म्हणजे प्रलयच. मी दारातच थबकलो. देहानं एक डोळा माझ्याकडे वळवला, तोंडातला माणूस न काढता "थांबा" असं काहीतरी म्हटलं, मग चिमट्यानं त्या माणसाला ओठांतून उचललं, त्याच्या तळपायांना डिंक लावला, हलकी फुंकर मारली आणि त्याला जळत्या बाजारासमोर उभं केलं.

"कोणाचे?" देहानं विचारलं.

"काय कोणाचे?"

"आजोबा. कोणाचे घालायचेत?"

मी आजोबांसाठीच आलो होतो हे त्यांनी कसं ओळखलं, याचं मला तेव्हा फार नवल वाटलं. पुढे कळलं की संग्रहालयाच्या त्या दालनात आजोबांशिवाय दुसऱ्या कामाला कोणी येतच नसे.

मला आईनं पाठवलं होतं. तिच्या वडिलांनी मोठ्या आगीच्या दिवशी बादल्यांच्या रांगेत सातव्या नंबरावर उभं राहून पाणी पुढे दिलं, हे मी जन्मल्यापासून ऐकत होतो. शेजारच्या घरचे आजोबा संग्रहालयातल्या देखाव्यात लागले, त्या दिवसापासून आईनं माझ्याशी बोलणं कमी केलं, आणि ती कमी बोलायला लागली की घरात राहणं कठीण होतं. मी चिमट्यांना सगळं सांगितलं. त्यांनी देखाव्यावर आडव्या टाकलेल्या फळीवर पडल्या पडल्याच खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं. उंची? मध्यम. अंगात काय? कोट. मिशा? आईनं बजावलं होतं, पिळदार.

"पिळदार जमणार नाहीत," चिमटे गंभीरपणे म्हणाले. "डोकंच तांदळाएवढं असतं हो. मिशा आहेत एवढं दाखवता येईल. पीळ तुम्ही मनात धरा."

त्यांचं आडनाव चिमटे नव्हे. हातात सदोदित चिमटा असायचा म्हणून कोणीतरी ठेवलेलं ते नाव, पण निम्म्या गावाला ते आडनाव वाटतं आणि उरलेल्या निम्म्याला खरं आडनाव आठवत नाही. पगारपत्रकावर बहुधा असेल. बावीस वर्षांचे असताना ते संग्रहालयात सुतार म्हणून लागले. काम काय, तर कपाटांची दारं घासणं, कुरकुरणाऱ्या खुर्च्यांना पाचर मारणं. त्या वेळच्या संचालकांनी एकदा सहज म्हटलं की मोठ्या आगीचं काहीतरी करायला हवं, लोक विचारतात. चिमट्यांनी ते इतकं मनावर घेतलं की सहा वर्षांनी संचालक बदलून गेले तेव्हा दालनात अठरा फूट लांब आणि अकरा फूट रुंद असं आख्खं गाव उभं होतं.

आग कशी लागली ते गावात कोणालाही विचारा, झोपेतसुद्धा सांगेल. शंभर वर्षांपूर्वी, भर दुपारी, लाकडाच्या वखारीत ठिणगी पडली आणि वाऱ्यानं ती बाजारात नेली. आगखात्याकडे पंप होता, पण त्याची नळी दुरुस्तीला गेली होती. तेव्हा काही माणसं नदीच्या पायऱ्यांपासून बाजारापर्यंत रांगेत उभी राहिली आणि हातोहात बादल्या देत राहिली. बाजार वाचला नाही. पण आग इस्पितळाच्या भिंतीशी येऊन थांबली, आणि भिंतीच्या पलीकडे साठ रोगी होते. आमच्या गावाकडे अभिमान बाळगण्यासारखी एवढी एकच गोष्ट आहे, त्यामुळे ती सगळ्यांना वाटून घ्यावी लागते.

देखावा मात्र खरोखर बघण्यासारखा. घरं खोक्यांच्या पातळ लाकडाची, कौलं एकेक कापून लावलेली. धूर म्हणजे पिंजलेला कापूस, कंदिलाच्या काजळीवर धरून काळा केलेला. नदीला व्हार्निशचे बावीस हात. माणसं करंगळीच्या पेराएवढी: आत तार, वर दोरा, डोक्याला लाकडाच्या फटी बुजवायची लांबी आणि रंगवायला तीन केसांचा ब्रश. त्यातला तिसरा केस शोभेचा, असं चिमटे म्हणायचे. बादल्यांवर त्यांचा विशेष जीव. बुटाची नाडी ओवायच्या भोकाला जी पितळी कडी असते ना, तिला बारीक तारेची मूठ लावली की हुबेहूब बादली होते. गावातला चांभार त्यांच्यासाठी जुन्या बुटांच्या कड्या काढून ठेवायचा. त्याचेही आजोबा रांगेत होते.

सगळ्यांचेच होते. सुरुवातीला चिमट्यांनी चाळीसेक माणसं उभी केली होती, कोणाची म्हणून नाही, नुसती माणसं. त्यांत अगदी खालच्या पायरीवर, पाण्यात घोटाभर उतरून पहिली बादली भरणारा माणूस होता. एकदा चहाच्या दुकानात बोलता बोलता चिमटे म्हणून गेले की तो पहिला माणूस म्हणजे आमचे आजोबा. दुसऱ्या दिवशी चहावाला आला. तिसऱ्या दिवशी पोस्टमन. महिन्याभरात नगरपालिकेचे दोन सभासद, आणि एक निवृत्त हेडमास्तर, ज्यांना आपले आजोबा कोटाच्या खिशात पुस्तक असलेले हवे होते. चिमट्यांना नाही म्हणता येत नसे. साधं भाजीवालीला नाही म्हणता यायचं नाही, मग आजोबांच्या बाबतीत काय म्हणणार. ते वहीत लिहून घ्यायचे आणि पंधरा दिवसांत आजोबा उभे करून द्यायचे.

सदतीस वर्षांत रांगेत दोनशे अडुसष्ट माणसं झाली. एवढी माणसं सरळ उभी केली तर रांग नदी ओलांडून पलीकडच्या कपाटात गेली असती. म्हणून चिमट्यांनी ती वळवली. मग पुन्हा वळवली. ती बाजाराला तीन वेढे घालून पुन्हा नदीवर यायची. बरेच लोक आगीकडे पाठ करून मोठ्या आवेशानं पाणी नदीकडे परत पाठवताना दिसत. एका कंत्राटदाराच्या आजोबांना बादलीच नव्हती. ते हात वर करून बाकीच्यांना सूचना देत होते, आणि नातू बघता ते खरं वाटायचं. दोन घराण्यांमध्ये आगीच्या जास्त जवळ कोण यावरून अबोला होता. चिमट्यांनी त्यासाठी आगच थोडी पसरवली, म्हणजे दोघंही जवळ झाले.

देखाव्यात एक पूलसुद्धा होता. अकरा कमानींचा, दगड न् दगड रंगवलेला. पुलावर कोणी नव्हतं. एक कुत्रं सोडलं तर साफ रिकामा. खरं म्हणजे आगीच्या दिवशी नऊ हजार वस्तीतले जवळजवळ सगळे त्याच पुलावरून टेकडीवर पळाले होते. समोर आग आणि मागे पूल असला की शहाणा माणूस दुसरं करणार काय? पण पळालेल्यांपैकी कोणाला एकही नातू झालेला दिसत नव्हता.

मी आजोबांच्या निमित्तानं गेलो आणि नंतर सवयीनं जात राहिलो. बारा वर्षांत मला हा माणूस पाठ झाला. ते कधी कोणावर रागावले नाहीत. रागावायची वेळ आली की ते चष्मा पुसायचे. जेवणाचा डबा नेहमी देखाव्याच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याशी बसून खायचे आणि एखादा कण सांडला तर चिमट्यानं उचलायचे. संसार त्यांनी केला नाही. घरी थोरली बहीण होती, ताई. त्यांच्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठी. हे पाच वर्षांचे असताना वडील गेले, पाठोपाठ आई, आणि ताईनं शिवणकाम करून यांना वाढवलं. ताई दर वर्षी आगीच्या तारखेला संग्रहालयात यायची, पर्समधून भिंग काढायची, खालच्या पायरीवरच्या आजोबांना बराच वेळ बघायची, "छान दिसतात," म्हणायची आणि जायची. त्या दिवशी चिमटे सकाळपासून आजोबांची धूळ झटकत असत.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग शंभरावं वर्ष जवळ आलं आणि नव्या संचालक आल्या.

त्यांना सगळे मॅडम म्हणत. वयानं लहान, अंगानं किडकिडीत, पण कागद वाचायची भयंकर खोड. आमच्याकडे असे लोक फारसे येत नाहीत. त्यांनी पहिल्याच महिन्यात तळघरातली खोकी उघडली आणि त्यातून आगखात्याची नोंदवही निघाली. आगीच्या दुसऱ्या दिवशी, रांगेत उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला आगखात्यानं एकेक घोंगडी दिली होती आणि वहीत सही किंवा अंगठा घेतला होता. सह्या आणि अंगठे मिळून एक्केचाळीस.

मॅडम वही घेऊन दालनात आल्या, देखाव्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि रांग मोजू लागल्या. शंभराच्या पुढे त्यांनी मोजणं सोडून चिमट्यांकडे पाहिलं. चिमटे चष्मा पुसत होते. मॅडमनी आवाज चढवला नाही. शताब्दीला तीन महिने आहेत, त्या म्हणाल्या. तोवर रांगेत एक्केचाळीसच माणसं हवीत, आणि प्रत्येकाचं नाव शेजारच्या पाटीवर हवं. बाकीचे काढा.

मला हे दुसऱ्या दिवशी कळलं, आणि कळल्यावर मी पहिली गोष्ट कोणती केली असेल तर वहीत सातवा नंबर बघितला. सातव्या नंबरावर एका न्हाव्याचा अंगठा होता. आमचे आजोबा एक्केचाळिसांत कुठेच नव्हते. मी घरी काय सांगायचं याचा विचार करत चिमट्यांकडे वळलो, तर ते माझ्यापेक्षा पांढरे पडले होते. त्यांनी दालनाचं दार लावून घेतलं आणि मला नदीच्या बाजूला नेलं.

"पहिलासुद्धा नाही," ते म्हणाले.

मला वाटलं त्यांना आत्ताच कळलंय. तर तसं नव्हतं. त्यांना ते अठराव्या वर्षापासून ठाऊक होतं. त्यांच्या आत्यानं सांगितलं होतं, आणि आत्या आगीच्या दिवशी दहा वर्षांची होती. आजोबा शिंपी होते, बाजारात दुकान. धूर दिसताक्षणी ते सगळ्यांच्या आधी पूल ओलांडून गेले. डोक्यावर चादरीत बांधलेलं काहीतरी ओझं, आणि त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून आत्या मागे धावतेय. पुलावर आमच्यापुढे कोणीही नव्हतं, असं आत्या सांगायची. काय होतं त्या चादरीत, हे यांनी कधी विचारलं नाही. लाजच इतकी वाटली की पुढचं ऐकायला थांबले नाहीत. आणि चार वर्षांनी संग्रहालयात नोकरी लागली, हातात गाव बनवायचं काम आलं, तेव्हा त्या लाजेपोटी त्यांनी आजोबांना पुलावरून उचलून पायरीवर ठेवलं. ताईला आणून दाखवलं. ताई म्हणाली, छान दिसतात.

"पहिला खोटा आजोबा माझा," ते म्हणाले. "मग दुसऱ्याला मी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार होतो?"

तेव्हा मला सदतीस वर्षांचा तो भिडस्तपणा एकदम कळला. चिमट्यांना गावाची पर्वा नव्हती. गाव आरडाओरडा करील, पत्रं लिहील, फार तर सभा भरवील. त्यांना धास्ती एकाच गोष्टीची होती. शताब्दीच्या दिवशी शहात्तर वर्षांची ताई भिंग काढील, खालच्या पायरीवर बघील, आणि तिथे पाटीवर नाव असलेला कोणी कोळी उभा असेल.

दोनशे सत्तावीस आजोबा काढायला त्यांना पाच आठवडे लागले. एकेकाच्या पायाखालचा डिंक कोमट पाण्यानं सैल करायचा, हळूच उचलायचं, बादली काढून घ्यायची आणि काड्यापेटीत कापसावर ठेवून पेटीवर घराण्याचं नाव लिहायचं. फेकवत तर नव्हतंच. खिडकीखालच्या फडताळात काड्यापेट्यांचा ढीग वाढत गेला. मॅडम एकदा येऊन तो ढीग बघून गेल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी एक पेटी उघडली, आतल्या कोटवाल्याकडे बघितलं आणि अगदी सरळपणे विचारलं, "हे रांगेत नव्हते हे कळलं. पण मग होते कुठे?"

 चिमट्यांनी नुसतं पुलाकडे बघितलं.

"मग तिथे ठेवा की," मॅडम म्हणाल्या. "नऊ हजार माणसं तिथे होती. पूल रिकामा दाखवणं हेसुद्धा चूकच आहे."

चिमट्यांनी समजावलं की लोक संग्रहालय जाळतील आणि ते विझवायला कोणी रांग लावणार नाही. मॅडम हसल्या, मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. घराण्यांना विचारून ठेवा, त्या म्हणाल्या, जबरदस्ती नाही. आणि गेल्या. चिमट्यांनी तासभर चष्मा पुसला. मग म्हणाले की दुसऱ्याला विचारायचं तर सुरुवात घरापासून करावी लागेल, आणि तुम्ही माझ्याबरोबर चला. मी का, असं मी विचारलं. तर म्हणाले, ताई परक्या माणसासमोर ओरडत नाही.

रविवारी सकाळी आम्ही गेलो. दोन खोल्यांचं घर. खिडकीपाशी ताईचं हातानं फिरवायचं शिलाई मशीन, त्यावर अर्धवट शिवलेला उशीचा अभ्रा. ताईनं आम्हाला चहा दिला आणि काम चालूच ठेवलं. चिमट्यांनी मशीनच्या आवाजात बोलायला सुरुवात केली ती हवेपासून. हवेनंतर मॅडम, मॅडमनंतर नोंदवही, नोंदवहीनंतर घोंगड्या, घोंगड्यांची लोकर. लोकरीवर ते बराच वेळ रेंगाळले. मी त्यांचा पाय दाबला.

"ताई, आजोबांना पायरीवरून काढावं लागतंय," ते एकदाचे म्हणाले. "ते रांगेत नव्हतेच."

"हो का," ताई म्हणाली. मशीन थांबलं नाही.

"ते पळाले होते. पुलावरून. सगळ्यांत पहिले."

"मग? आत्यानं तुला एकट्यालाच सांगितलं असं वाटलं तुला? ती तर दूधवाल्यालासुद्धा सांगायची."

चिमट्यांचा चेहरा त्या वेळी असा झाला होता की मी दुसरीकडे बघितलं. त्यांनी विचारलं की ठाऊक होतं तर दर वर्षी भिंग घेऊन काय बघत होतीस. ताईनं दोरा दातानं तोडला.

"तू इतक्या हौसेनं केलं होतंस. तुझं मन कशाला मोडायचं? मला वाटायचं तुलाच खरं माहीत नाही."

म्हणजे सदतीस वर्षं ही दोघं एकमेकांना जपत एका पेरभर माणसाभोवती उभी होती. मला हसू आवरेना. चहाचा कप आडवा धरला तरी आवरेना. ताईनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग भावाकडे वळली.

"आणि पळाले म्हणून काय झालं रे? डोक्यावर काय होतं ते विचारलंस का कधी आत्याला?"

नाही, चिमटे म्हणाले.

"हे होतं." तिनं मशीनवर थाप मारली. "दुकान जळालं, घर जळालं, हे राहिलं. आजोबांनी यावर घर पुन्हा उभं केलं, मी यावर तुला मोठं केलं. त्या दिवशी ते बादली धरून उभे राहिले असते तर छान दिसले असते. तुला काय बादलीवर शिकवलं असतं मी?"

ज्या माणसाला गावातल्या प्रत्येक घराच्या खिडक्या पाठ होत्या, त्याला आपल्या घरातलं मशीन आगीतून कसं वाचलं हा प्रश्न एकोणसाठ वर्षांत पडला नव्हता. चिमटे उठले, मशीनजवळ गेले आणि त्याच्याकडे असे बघत राहिले की जणू ते आत्ताच कोणीतरी आणून ठेवलंय. मग त्यांनी खिशातून फूटपट्टी काढली आणि मापं घ्यायला लागले. रस्त्यावर आल्यावर ते माझ्यापुढे पाच पावलं चालत होते. बारा वर्षांत मी त्यांना कधी कोणाच्या पुढे चालताना पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात आजोबा पुलाच्या मधोमध आले. पाठ थोडी वाकलेली, डोक्यावर चादर, चादरीतून मशीनची मान आणि चाक बाहेर, मागे सदऱ्याला लटकलेली दहा वर्षांची आत्या. कडेला चिमट्यांनी छोटी चिठ्ठी लावली: माझे आजोबा, शिंपी, पळताना.

पहिले दोन दिवस गावानं ती चिठ्ठी वाचली आणि घसा खाकरला. काहींनी मॅडमना पत्रं लिहिली. कंत्राटदार स्वतः येऊन गेला. आपल्या आजोबांना काड्यापेटीत बघून तो इतका लाल झाला की चिमट्यांनी कापसाचा धूर जरा बाजूला सरकवला. तिसऱ्या दिवशी हेडमास्तर आले. पुलाकडे बराच वेळ बघून त्यांनी आवाज खाली आणला आणि सांगितलं की खरं तर आमचे आजोबा दुपारी झोपलेल्या भावाला जागं करायला विसरले होते, अर्ध्या पुलावर आठवण झाली, मग परत फिरले. तर परत फिरताना दाखवता येतील का? येतील, चिमटे म्हणाले. पुस्तक असू द्या, हेडमास्तर म्हणाले, ते मात्र खरं आहे.

मी घरी आईला सांगितलं. दीड-दोन महिने टाळलं होतं ते एका दमात सांगितलं: सातवा न्हावी आहे.  मला वाटलं आता बोलणं कमी होणार. तर तिला हळूहळू हसू फुटलं, आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसत राहिली. तिचे वडील पोपटाचा पिंजरा घेऊन पळाले होते. पोपट सासूचा, सासू खोकत मागून येतेय, आणि टेकडीवर पोहोचल्यावर बघतात तर पिंजरा रिकामा. पोपट कधीच उडून गेला होता. ही गोष्ट आईच्या माहेरी दारं लावून सांगायचे आणि लोटपोट हसायचे. बाहेर मात्र सातवा नंबर. "पिंजऱ्याचं दार उघडं दाखवायला सांग," आई म्हणाली. आणि जरा वेळानं, "मिशा नको. मिशा नव्हत्याच त्यांना."

मग मात्र पूर लोटला. गावानं शंभर वर्षं तोंडात धरून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. कोणाचे आजोबा भिंतीवरचं घड्याळ घेऊन पळाले, कोणाचे नुसतं दार घेऊन, चौकटीसकट, कारण नवं केलं होतं. चहावाल्याचे आजोबा एका पायात बूट घालून. चांभाराचे दोन्ही हातांत सतरा बूट घेऊन, त्यात एकही जोडी नाही. चिमटे लिहून घेत होते, हसत होते, दोरा गुंडाळत होते. कंत्राटदारसुद्धा शेवटी आला. त्याचे आजोबा पुलाच्या तोंडाशी उभे राहून, हात वर करून, पळणाऱ्यांना सूचना देत होते. तो म्हणाला हे अगदी खरं आहे, आणि आम्ही कोणीही शंका घेतली नाही.

लोकांचे चेहरे बघण्यासारखे असायचे. खांद्यावरून काहीतरी उतरवून ठेवल्यासारखे ते दालनातून बाहेर पडायचे. शूराचा नातू म्हणून वागणं तसं कष्टाचंच असतं. पळपुट्याच्या नातवाला साधं पोट सोडून बसता येतं.

शताब्दीला आठ दिवस राहिले असताना न्हावी आला. म्हणजे सातव्या नंबरच्या न्हाव्याचा नातू, तोही न्हावीच. आता रांगेत एक्केचाळीस माणसं मोकळीढाकळी उभी होती, पाटीवर नावं होती, प्रत्येकाची बादली दिसत होती. त्यांच्याशेजारी पूल नुसता फुलून गेला होता आणि बघायला येणारा जो तो तिथेच वाकलेला असायचा. न्हाव्यानं आपल्या आजोबांकडे बघितलं, पुलाकडे बघितलं आणि चिमट्यांना बाजूला घेतलं. त्याचं म्हणणं असं की आजोबा रांगेत एकटे पडल्यासारखे वाटतात. त्यांना पुलावर हलवता येईल का? हातात आरसा वगैरे द्या. तिकडे जरा मजा आहे.

चिमट्यांनी चष्म्याला हातसुद्धा लावला नाही.

"नाही," ते म्हणाले.

न्हाव्यानं पुन्हा विचारलं, थोडं अजिजीनं. चिमट्यांनी नोंदवही उघडून सातवा अंगठा दाखवला. "हे तुमचे आजोबा. ते तिथे उभे राहिले म्हणून साठ माणसं जगली. ते जागचे हलले नाहीत आणि मीही हलवणार नाही." न्हाव्यानं अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून बघितला आणि तो गेला. चिमटे माझ्याकडे वळले. एवढा मोकळा चेहरा मी त्यांचा आधी पाहिला नव्हता. "जमतं की हो," ते म्हणाले.

शताब्दीच्या दिवशी ताई नवी साडी नेसून आली. भिंग काढून पुलावर बघत राहिली. शेवटी म्हणाली की चाक चुकीच्या बाजूला लागलंय. चिमट्यांनी सगळ्या पाहुण्यांसमोर फळी आडवी टाकली, तिच्यावर पालथे पडले आणि चाक उजवीकडे बसवलं. तोवर उद्घाटन थांबलं. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की त्यांचे आजोबा रांगेत नवव्या नंबरावर होते. पाटीकडे सगळ्यांनी एकदम माना वळवल्या.

चिमटे पुढच्या वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोणी नेमलेलं नाही. देखाव्यावर आता काच बसवली आहे, आणि माणूस कमी असल्यामुळे दालन मंगळवारी आणि शुक्रवारी दोन ते चार एवढाच वेळ उघडं असतं.